अर्धे गाऱ्हाणे

काजूच्या भाटातला, डोंगरउतारावरच्या बागेतला, पातेरो पहाटे जाळायचा असतो, पानांवर दंव आहे तोवर. सुकी पाने झाडून ओळीने ओढायची, वरच्या अंगाने पेटवायची आणि आग हळूहळू खाली उतरवत आणायची. ऊन भाटात शिरण्याआधी तिची राख झालेली असली पाहिजे. मग पडलेले बोंड दुरून दिसते, बी पानांत हरवत नाही आणि पायाखाली जनावर येत नाही. खडपावाड्यावरच्या सगळ्यांना हे ठाऊक होते, आणि बाबाजी घाडीला सगळ्यांहून जास्त. चाळीस वर्षे तो हे करत आला होता.

त्या दिवशी आठ वाजायच्या आत त्याचे भाट साफ झाले होते. खांद्यावर पंचा टाकून तो घराकडे निघाला, तेव्हा चिऱ्यांच्या बांधापलीकडून सुमंगलाने हाक मारली.

"भावजी, आमच्या बांदावयलो तेवढो घेवा मगे."

"आता?" बाबाजीने डोंगराच्या टोकाकडे पाहिले. "उन वर इला, वयनी. फाल्यां सकाळी करूया."

"फाल्यां फाल्यां करून आठ दीस झाले. ह्येंचो घुडगो सुजलोहा. माझ्यान एकटीन ओढूक होणा ना." ती पदराने मान पुसत होती. "थोडो तर आसा. तुमी आसतनां काय होता?"

तेव्हा तिथे तिसरे कोणी नव्हते. तिचा नवरा शंभू मागच्या पडवीत बसून गुडघ्याला रुईची ऊन पाने बांधत होता आणि मुलगी सिद्धी पहाटेच कामावर गेली होती. बाबाजीने बांध ओलांडला आणि खिशातली आगपेटी काढली.

साडेदहाच्या सुमाराला खालून वारा सुटला. ओळीतली आग ओळ सोडून वर चढली. दोघांनी हिरव्या डहाळ्यांनी झोडून पाहिले. बाबाजीच्या उजव्या हाताची कातडी पोळून सोलली, सुमंगलाचा पदर जळला. भाटाच्या वरच्या अंगाला सरकारी रान लागते. आग एकदा तिथे शिरल्यावर दोघे खाली आले आणि एकमेकांकडे न बघता आपापल्या घरी गेले.

दोन दिवस डोंगर जळला. अग्निशामक दलाच्या गाड्या खालच्या रस्त्यापर्यंतच येऊ शकत होत्या. माणसे वर चढत होती आणि काळी होऊन खाली येत होती. वाड्यावरच्या बायका त्यांना चहा आणि उंडे पाव पोचवत होत्या. सुमंगलानेही तीन किटल्या चहा केला. आग कशी लागली, असे कोणी विचारले की वाड्यावरचे लोक आभाळाकडे बोट दाखवत. ऊन किती तापलेय पाहा ना.

तिसऱ्या दिवशी सैन्याचे हेलिकॉप्टर आले. त्याच्या पोटाखाली दोरीला एक भली मोठी नारिंगी बालदी लटकत होती. बंद पडलेल्या खाणीच्या खड्ड्यात ती बुडवून भरायची आणि डोंगरावर आणून ओतायची, असे ते सकाळपासून करत होते. वाड्यावरचे सगळे अंगणात उभे राहून बघत होते. शंभूही उठला. काठी टेकत भाटाकडे निघाला.

"पातेरो ओढूक घुडगो दुखता," सुमंगला मागून म्हणाली, "आणि हेलिकॉप्टर बगूक बरो होता!"

शंभू हसला. "तुका बालदीभर पाणी हाडून दितंय गो," असे म्हणून तो गेला.

नेमके काय झाले हे चौकशीवाल्यांनाच ठाऊक. खालून पाहणारे एवढेच सांगतात की हेलिकॉप्टर धुरातून एकदम खूप खाली आले. बालदी झाडांत अडकली असावी. पात्यांचा आवाज बदलला, कोणी खोकावे तसा झाला आणि ते तिरके होऊन सुमंगलाच्या भाटाच्या वरच्या टोकाला पडले. मग दणका, आणि जळत्या तेलाचा वास.

आत चार माणसे होती. शंभू सगळ्यांत जवळ होता. सुजलेला गुडघा घेऊन तो त्या आगीत कसा शिरला हे नंतर कोणालाच उमगले नाही. त्याने एकाला बगलेत धरून बाहेर ओढले, बाकीचे तिघे आतच राहिले. वीस-बावीस वर्षांचा पोरगा होता, कुठल्याशा लांबच्या राज्यातला. दोघांनाही बांबोळीच्या इस्पितळात नेले. पोरगा त्याच रात्री गेला.

शंभू सहा दिवस होता. त्याच्या तोंडावर आणि हातांवर पांढऱ्या पट्ट्या होत्या, फक्त ओठ दिसत होते.

"तो पोरगो वाचलो?" तो रोज विचारायचा.

"वाचलो," सुमंगला रोज सांगायची. "तेची आवय इली. तुमचा नाव विचारी होती."

सातव्या दिवशी विचारायला तो राहिला नाही.

*

तेराव्यानंतर चौकशीचे साहेब आले. बरोबर तलाठी होता. सुमंगलाच्या सोप्यावर खुर्च्या मांडल्या, वाड्यावरची पाच-सहा माणसे गोळा झाली. साहेब हिंदीत हळू, सभ्यपणे बोलत होते. शंभूच्या फोटोसमोर त्यांनी आधी टोपी काढून हात जोडले. मग विचारले, आग कुठून सुरू झाली?

"कांच पडली आसतली," अशोक म्हणाला. रस्त्यावरचे दारूचे तावेर्न त्याचे. "उन्हान कांच तापता, सायब."

"कोणाची बिडीसुद्धा आसतली," दुसरा म्हणाला.

बाबाजी खांबाला टेकून उभा होता. उजव्या हाताला त्याने फडके गुंडाळले होते आणि तो हात पंच्याखाली धरला होता. त्याने एकदाच मान वर केली आणि सुमंगलाकडे पाहिले.

तलाठ्याने तिला विचारले, "वहिनी, तुमच्या भाटातून सुरू झाली असे काही लोक म्हणतात. तुम्ही काय पाहिलेत?"

"माका खबर ना," सुमंगला म्हणाली. "मी रांदपात होतंय."

साहेबांनी ते लिहून घेतले. जाताना सिद्धीला एक नंबर दिला. काही आठवले तर फोन करा, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाबाजी तिच्या भाटात होता. टोकाला खिळा मारलेली काठी आणि पाटी त्याने आपल्याच घरून आणली होती. भाटाची वरची अर्धी झाडे कोळसा झाली होती, खालची अर्धी तग धरून होती आणि त्यांची बोंडे तीन आठवडे पडून सडत होती. सगळीकडे आंबलेला गोड वास आणि माशा. बाबाजी काठीने एकेक बोंड टोचून पाटीत टाकत होता.

सुमंगलाने दारातून पाहिले. तिने त्याला हाकलले नाही.

"सिद्धे," ती मोठ्याने म्हणाली, "तेंका सांग, खालच्या झाडांखालचा आदी काड म्हणान. वयला मागीर."

बाबाजी दहा पावलांवर होता. सिद्धीने आईकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले, आणि डबा उचलून कामावर निघाली. औद्योगिक वसाहतीत औषधाच्या गोळ्या भरायच्या कामाला ती होती. बाबाजी खालच्या झाडांकडे वळला.

हे रोजचे झाले. बाबाजी यायचा, बोंडे गोळा करायचा, पिळून बी वेगळी करायचा, कातळात खोदलेल्या कुंडात, कोळंबीत, उतरून पायांनी बोंडे तुडवायचा. बोंडाचा रस आंबट असतो, जखमेवर पडला की आग होते. त्याचा उजवा हात अजून भरला नव्हता. पिळताना तो ओठ दाबायचा. सुमंगलाने हे पहिल्याच दिवशी पाहिले आणि पिळायचे काम त्याच्याकडेच ठेवले. घरात खोबरेलाची बाटली होती. ती तिने कपाटातून बाहेर काढली नाही.

अकरा वाजता ती सोप्याच्या पायरीवर पेज ठेवायची. आधी बाबाजी घाडी या घरात आला की पाट मांडला जायचा. वाड्याच्या राखणदार देवाला गाऱ्हाणे घालायचा मान घाडी घराण्याचा, आणि त्या घराण्यात आता तो एकटाच उरला होता. शंभूच्या लग्नात, सिद्धीच्या बारशात, घराचा पाया खणताना, सगळीकडे नारळ हातात घेऊन तोच उभा राहिला होता. आता ती पोचे आलेल्या ताटलीत पेज वाढायची. लोणच्याची फोड पेजेत बुडालेली असायची. तो पायरीवर बसून डाव्या हाताने खायचा, ताटली विहिरीवर नेऊन घासायचा आणि पालथी घालायचा.

काजूची पहिली दारू, उर्राक, उतरली त्या दिवशी दारूच्या भाटीपाशी अशोकही आला होता. तांब्याच्या भाणाखाली लाकडे बाबाजीनेच लावली होती. रात्रभर आंबलेल्या रसाचा वास त्याच्या अंगालाही चिकटला होता. नळीतून थेंब पडू लागले. हंगामातला पहिला पेला राखणदाराच्या नावाने जमिनीवर शिंपायचा आणि दुसरा घाडीच्या हातात द्यायचा, हा रिवाज. सुमंगलाने पहिला पेला शिंपला. दुसरा भरला. बाबाजीने नकळत हात पंच्याला पुसला आणि पुढे केला.

तिने दुसराही पेला जमिनीवर ओतला.

मग अशोक खदखदून हसला.

"काय रे बाबाजी! घाडीचो गडी झालो मरे तू!"

सुमंगलाच्या ओठांच्या कडेला हसू आले. शंभू गेल्यापासून पहिलेच. तिला स्वतःलाच ते जाणवले आणि ती दचकली. पण ते गोड लागले होते हे खोटे नव्हते. बाबाजी खाली बसला आणि भाणाखालचे लाकूड आत सारू लागला.

ओरडला असता, भांडला असता, तर बरे झाले असते. तो एक शब्द सांगू शकत होता. साहेबांसमोर सांगू शकला असता, अशोकला सांगू शकला असता, सिद्धीला तर कधीही. तो सांगत नव्हता. बांधावरचे तिचे ते वाक्य त्याने कुठेतरी आत ठेवून दिले होते आणि तिच्या वाट्याचे ओझे स्वतःच्या डोक्यावर घेऊन तो बोंडे तुडवत होता. सुमंगलाला याचाच सगळ्यांत जास्त राग होता. उपकार करतोय माझ्यावर, असे ती मनात म्हणायची आणि पेज आणखी पातळ करायची.

एकदा विहिरीवर त्याने तोंड उघडले. "वयनी, शंभूक..."

ती भरलेली कळशी तशीच टाकून घरात गेली.

*

मेच्या पहिल्या रविवारी सिद्धीने फोन हातात घेतला.

"साहेबाचो नंबर आसा माझ्याकडे. मी आता सांगतंय तेंका. पुराय वाड्याक खबर आसा कोणी पेटवलो तो. तेचो पोळलेलो हात सगळ्यांनी बगलोहा."

"सांगलंस तर ह्या घरात पाय ठेव नको."

"कित्याक? तुका तेची कीव येता?"

"कीव?" सुमंगला भाताची पातेली उतरवत होती. तिने ती उघड्या हातानेच उतरवली, चटका बसला तरी सोडली नाही. "पोलिसांनी न्हेलो तर तेच्या वतीन वकील उलयतलो. आठ दिसांनी जामीन घेवन येतलो, नि लोक म्हणतले, बिचारो, म्हातारो मनीस. कोणाक कळाचा ना. माका तेच्या तोंडातसून आयकूचा आसा. सगळ्यांच्या म्होरशीर."

"तो कसो सांगतलो?"

"पंदरा दिसांनी राखणदाराक वाड्याचो रोट आसा," सुमंगला म्हणाली. "गाऱ्हाणा कोण घालतलो?"

सिद्धीच्या हातातला फोन खाली आला. ती म्हणाली, "आई, तू भयंकर आसस."

"तुझो बापूय सहा दीस पट्ट्यांत होतो," सुमंगला म्हणाली. "जेव."

*

राखणदाराची जागा भाटांच्या वरच्या अंगाला, किंदळीच्या झाडाखाली. एक उभा काळा दगड, पुढे सपाट केलेली जागा. आग तिथपर्यंत आली होती. झाडाची एक बाजू जळून काळी पडली होती, दुसऱ्या बाजूला पालवी फुटली होती. तिथून थोडे बाजूला, जिथे हेलिकॉप्टर पडले, तिथले तुकडे सैन्याने उचलून नेले होते. जमीन मात्र अजून तेलकट होती आणि तिथे गवत उगवले नव्हते.

सकाळी दहाला सगळा वाडा जमला. तांदळाचा जाड रोट, फेणीची बाटली, विड्यांचे बंडल, केळीच्या पानावर मांडले. बाबाजी आंघोळ करून पांढरे धोतर नेसून आला होता. दोन महिन्यांत तो बराच वाळला होता, गळ्याची हाडे दिसत होती. त्याने वाड्याचे नेहमीचे गाऱ्हाणे घातले. गुरावासरांना सांभाळ, पोराबाळांना सांभाळ, कोणाचे दुखणेभाणे असेल तर दूर कर. प्रत्येक ओळीला लोक "व्हय म्हाराजा" म्हणत होते. ते संपले. लोक चपला शोधू लागले.

सुमंगला पुढे आली. तिच्या हातात सोललेला नारळ होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती त्याच्याशी थेट बोलली.

"भावजी, माजा गाऱ्हाणा आसा. घाला."

चपला शोधणारे थांबले. अशोक म्हणाला, "वयनी, आज रोटाचो दीस. ह्या मागीर..."

"तुका विचारूक ना."

बाबाजीने नारळाकडे पाहिले. "कोणाचा गाऱ्हाणा?"

"जेणी डोंगर पेटवलो तेचा. तेचो नाश जावंदी, असा घाला."

वाऱ्याने केळीचे पान उडू पाहत होते. कोणीतरी त्यावर दगड ठेवला. बाबाजी तिच्याजवळ एक पाऊल आला. मग अगदी हळू, जणू घरातल्या घरात बोलतोय असे म्हणाला, "वयनी, तुका खबर आसा. घातलेला गाऱ्हाणा परत घेवक येना. आणि अर्धा घालूक येना. देवाकडे लिपवून काय ठेवचा नाय. घालूचा तर पुराय घालूचा."

त्याचे डोळे तिच्यावर होते. तो काय विचारत होता हे तिथे फक्त तिलाच कळत होते. नारळ तसाच घेऊन घरी परतायची तिला ती शेवटची संधी होती, आणि तोही तिला तेच सांगत होता. सुमंगलाला पट्ट्यांमधले ओठ दिसले. तो पोरगो वाचलो?

"पुराय घाला," ती म्हणाली.

त्याने नारळ घेतला. उजव्या तळहातावरची नवी गुलाबी कातडी नारळाच्या शेंडीला लागली. तो दगडाकडे वळला आणि त्याचा आवाज एकदम मोठा झाला. तो त्याचा नव्हता, घाडीचा होता.

"बा देवा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या शिमेच्या धन्या! आज शंभूची बायल तुझ्या पायांकडे उबी रवान नारळ ठेयता."

"व्हय म्हाराजा!"

"जेणी कोणी ह्यो तुझो डोंगर पेटवलो..."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले, पण आता आवाज कमी होते.

"जेच्या आगीन चार परक्या आवयांची पोरां आभाळातसून खाली इली, आणि आमचो शंभू गेलो..."

दोघे-तिघे म्हणाले. अशोक जमिनीकडे बघत होता.

"तेच्या पानात शीत रवचा नाय. तेच्या हातात पाणी रवचा नाय. तेचा नाव घेवक घरात कोणी रवचा नाय."

"व्हय म्हाराजा," सुमंगला म्हणाली. तिच्याबरोबर कोणीच म्हणाले नाही.

"तो कोण, ता तुका खबर आसा. सगळ्यांक खबर आसा. तो मी. बाबाजी घाडी. आगपेटी माझी, हात माझो."

एक म्हातारी हुंदका देऊन खाली बसली. सुमंगला ताठ उभी होती. जे हवे होते ते झाले होते, त्याच्याच तोंडून, सगळ्यांसमोर. उजव्या हाताचा तो गुलाबी तळवा नारळावर दाबलेला होता, आणि ती त्याच्याकडे बघत होती, डोळे भरून बघत होती.

"व्हय म्हाराजा!" ती म्हणाली.

बाबाजीने नारळ खाली ठेवला नाही.

"गाऱ्हाणा अजून पुराय जावक ना," तो दगडालाच म्हणाला. "देवा म्हाराजा! उन वर इला, फाल्यां करूया, असा म्हणतनां जेणी आयकूक ना... तुमी आसतनां काय होता, असा सांगून जेणी आगपेटी काडूक लायली... तेकाय तोच न्याय."

त्याने नाव घेतले नाही. तिच्याकडे पाहिले नाही.

लोक एकमेकांची तोंडे बघू लागले. कोण, कोणी, असे पुटपुटणे झाले. सिद्धी आईच्या मागे उभी होती. तिने आईच्या मानेकडे पाहिले. आई घाम पुसताना पदर नेहमी मानेवर नेते, तसा आत्ताही नेला होता, आणि हात तिथेच थांबला होता.

"आई?" सिद्धी म्हणाली.

घाडीने सांगितलेल्या ओळीला कोणीतरी होकार द्यावा लागतो. नाहीतर ती ओळ देवापर्यंत पोचत नाही, असे वाड्यावर मानतात. कोणीच देत नव्हते. बाबाजी नारळ धरून वाट पाहत होता. ती गप्प राहिली असती तर तेवढी ओळ तिथेच वाऱ्यावर गेली असती.

सुमंगलाने पदरावरचा हात खाली घेतला.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली. सकाळपासूनच्या सगळ्या होकारांत हा मोठा होता.

मग ती बाबाजीकडे वळली.

"फोड नारळ."